आधी कांदा चिरा, मग मटणाला हात लावा

मी मिरजेत एका लॅबमध्ये कल्चरच्या टेबलावर काम करते. लघवी, पू, थुंकी, रक्त, जे येईल त्यातला जंतू वाढवायचा, ओळखायचा आणि त्याच्यावर कुठलं औषध चालतंय ते लिहून द्यायचं. राहायला सांगलीत. घरात रविवारी मटण नाहीतर चिकन ठरलेलं, आणि आखाड लागला की बुधवारीही. त्यामुळं भिशीतल्या बायका मला दोनच प्रश्न विचारतात. निम्म्या म्हणतात, "ब्रॉयलरला इंजेक्शनं देतात म्हणं, खावं का सोडावं?" उरलेल्या म्हणतात, "एवढं रटरटा शिजवतो, त्यात कुठला जंतू राहतोय?"

पहिल्यांची भीती भलतीकडंच आहे आणि दुसऱ्यांचा धीर अर्धाच खरा आहे. मटण नीट शिजलं की त्यातल्या जंतूंचा निकाल लागतो, हे कबूल. पण ते पातेल्यात पडायच्या आधी ओट्यावर जी गडबड चालते, त्यात जंतू मटणावरून उठून कांद्यावर, कोथिंबिरीवर, लिंबाच्या फोडीवर जाऊन बसतो. आणि कांदा आपण शिजवून खात नाही. सांभाळायचं आहे ते तिथं.

प्लेटवर काय दिसतं

आतड्यात राहणारा ई. कोलाय हा माझा रोजचा गिऱ्हाईक. मॅकॉन्की नावाच्या लालसर माध्यमावर तो एका रात्रीत गडद गुलाबी ठिपक्यांनी वाढतो. त्यातले ठिपके उचलून दुसऱ्या, फिकट पिवळसर प्लेटवर कापसाच्या काडीनं एकसारखे सारवायचे. वर औषध मुरवलेल्या कागदाच्या सहा मिलिमीटरच्या पांढऱ्या चकत्या ठेवायच्या आणि प्लेट पुन्हा इन्क्युबेटरमध्ये. सकाळी उघडून बघायचं. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो, तो पट्टीनं मोजायचा. चालत नसेल तर जंतूंचा धुरकट थर चकतीच्या कडेला अगदी खेटून येतो. रिपोर्टात पहिल्यापुढं 'एस' लिहायचं, दुसऱ्यापुढं 'आर'. काही प्लेटांवर खाली खाली आर, आर, आर लिहीत जावं लागतं. मग डॉक्टरांच्या हातात गोळी उरत नाही, मेरोपेनेमसारखं शिरेतून द्यायचं इंजेक्शन उरतं. लघवीच्या साध्या जळजळीसाठी ॲडमिट व्हायची पाळी येते ती अशी.

आता, असली प्लेट बघून हा जंतू अमक्या कोंबडीतून आला असं सांगता येत नाही, आणि सगळा दोष कोंबडीवर ढकलणंही खरं नाही. सर्दी-पडशाला मेडिकलमधून आणून खाल्लेल्या गोळ्या, अर्धवट सोडलेले कोर्स, दवाखान्यांतला भरमसाट वापर, सांडपाणी आणि जनावरांना दिलेलं औषध, असे बरेच रस्ते आहेत. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ साली नोबेलच्या भाषणातच बजावलं होतं की औषध अपुरं घेतलं तर जंतू त्याला सरावतात. २०१९ या एका वर्षात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळं जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज पुढं २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

मटणाचा रस्ता असा. कोंबडीच्या किंवा बकऱ्याच्या आतड्यात जंतू असतातच. पाण्यातून, खाद्यातून वरचेवर अँटिबायोटिक मिळत राहिलं की साधे मरतात आणि चिवट तेवढे मागं राहून वाढतात. कापताना आतडं फुटलं, सुरा लागला की ते मांसावर येतात. तिथून आपल्या हातावर, हातावरून तोंडात. पोटात गेल्यावर बऱ्याच वेळा काहीच होत नाही. ना जुलाब, ना ताप. तो गुपचूप आतड्यात मुक्काम करतो आणि पुढं कधीतरी लघवीच्या मार्गात शिरला की माझ्या प्लेटवर येतो. शिवाय औषधाला हरवायची युक्ती ज्या जनुकांत असते, त्यांचं एक छोटं कडं हे जंतू शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देतात. परीक्षेत एकाची उत्तरपत्रिका बाकाखालून सरकत सगळ्या वर्गात फिरावी तसं.

कोंबड्यांना देतात ते एन्रोफ्लॉक्सासिन शरीरात गेल्यावर त्याचं थोडं सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, आणि ते तर आपल्याही औषधाच्या डब्यात असतं. अमेरिकेनं कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन २००५ मध्ये बंद केलं. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटी राखून ठेवलेलं औषध, पण ते कोंबड्यांच्या खाद्यातही घातलं जायचं. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत आणि कच्च्या मांसात कोलिस्टिनला न जुमानणारं, एका जंतूकडून दुसऱ्याकडं जाणारं जनुक सापडलं. आपल्या सरकारनं जुलै २०१९ मध्ये खाण्याच्या जनावरांसाठी कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. बंदी कागदावरून शेडपर्यंत नीट पोचली पाहिजे, एवढंच.

दोन गोष्टींची गल्लत करू नका

मांसात उरलेला औषधाचा अंश ही एक गोष्ट, आणि औषधाला दाद न देणारा जिवंत जंतू ही दुसरी. औषधाचा अंश शिजवून जाईलच याची खात्री नाही. तो आवरायचा तो शेडवर, औषध दिल्यापासून कापेपर्यंत ठरलेले दिवस पाळून. जंतूचं उलटं आहे. औषधापुढं तो कितीही मातलेला असला तरी उष्णतेपुढं त्याची काही मातब्बरी नाही. साधा जंतू जेवढ्या आचेवर मरतो तेवढ्यावरच हाही मरतो. त्यासाठी जास्तीच्या शिट्ट्या नकोत.

आणि वाढीच्या इंजेक्शनांबद्दल: ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो तो जातीमुळं आणि खाद्यामुळं. हजारो पिल्लांना एकेक धरून सुई टोचत बसायला कुणाला परवडतंय? गावरान कोंबडीला मात्र लोक निर्धास्त हात लावतात. तिनं औषध कमी खाल्लं असेल, पण आतडं तिलाही आहे आणि त्यात जंतूही आहेत. पाकिटावर 'अँटिबायोटिक-फ्री' लिहिलेलं महागाचं चिकन घेत असाल तर जरूर घ्या, पण ते जंतू-फ्री नव्हे. ओट्यावरचे नियम तिघींनाही तेच.

दुकानात

घरून झाकणाचा स्टीलचा डबा न्या. काळी पातळ पिशवी गळते, आणि ती गाडीच्या हँडलला भाजीच्या पिशवीला खेटून लटकते, त्याच भाजीत कोथिंबीर असते. बाजार आधी, मटण सगळ्यात शेवटी. सकाळी आठला चिकन घेऊन डिकीत टाकायचं, मग मिसळ, मग मित्राकडं चहा, असा आमच्याकडच्या पुरुष मंडळींचा रविवार असतो. सांगलीचा एप्रिल-मे म्हणजे डिकीत भट्टीच. ३२ अंशांच्या वर तापमान असलं की कच्चं मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, एरवी दोन तास. चांगली परिस्थिती मिळाली तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. चाळीस मिनिटांत चौपट. पुढचा हिशेब तुम्ही करा.

दुकानात माझी नजर तीन ठिकाणी जाते: ओंडका, सुरा आणि पाण्याचा पिंप. ओंडक्याला खोल चिरा पडून त्यात काळपट थर बसलाय का, सुरा कुठल्या फडक्याला पुसतायत, आणि सोललेली कोंबडी एकाच पिंपात बुचकळून काढतायत का. त्या पिंपात सकाळपासूनच्या सगळ्या कोंबड्यांचं पाणी एकत्र झालेलं असतं. मी म्हणते, "चाचा, पिंपात नको, नळाखाली धरा, आणि सुरा तेवढा धुऊन घ्या की." ते म्हणतात, "ताई, तुमचं दर रविवारी तेच." पण धुतात. मागं उभं असलेलं गिऱ्हाईकही मग तेच मागतं.

वजडी घेणाऱ्यांना वेगळं सांगते, कारण वजडी म्हणजे जंतूंचं घरच. दुकानातून शक्य तेवढी साफ करून आणा. घरी चुना किंवा गरम पाण्यानं साफ करायची पद्धत ज्यांची आहे त्यांनी ती मोरीत करावी, ओट्यावर नको, आणि त्या वेळी आजूबाजूला धुतलेली भांडी पालथी घातलेली नसावीत. खिम्याचं असं की अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच्या पृष्ठभागावर असतात, पण यंत्रातून निघालं की ते आतबाहेर सगळीकडं कालवले जातात. खिमा समोर करून घ्या, त्याच दिवशी शिजवा आणि आत गुलाबी राहू देऊ नका.

ओट्यावर

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

पहिलं काम, मटणाचा डबा उघडायच्या आधी जे जे कच्चं खायचं आहे ते चिरून घ्या. कांदा, लिंबू, काकडी, वरून भुरभुरायची कोथिंबीर. धुऊन, चिरून, ताटलीत झाकून ओट्यावरून दूर, जेवणाच्या टेबलावर किंवा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात. सगळ्यात कमी कष्टाचा आणि सगळ्यात जास्त फायद्याचा नियम हाच आहे. आपल्याकडं नेमकं उलटं होतं. मटण फोडणीला पडतं, ते शिजेपर्यंत वेळ असतो, म्हणून त्याच विळीवर, नुसती पाण्याखाली धरून, कांदा चिरायला घेतात.

दुसरं, मिसळणाचा डबा. एखादी बाई मटणाला हळद-मीठ लावताना बघा. उजवा हात तुकड्यांत बुडालेला, डाव्या हातानं डबा उघडला, आणि कमी पडलं म्हणून त्याच उजव्या हाताची चिमूट हळदीच्या वाटीत. मग मीठ. मग चटणीच्या बरणीतला चमचा, त्याच्या दांड्याला बोटं. नंतर हात स्वच्छ साबणानं धुतले, पण दांडा धुतला नाही. संध्याकाळी तोच चमचा कुणीतरी उचलतं आणि त्याच हातानं पोराला काकडी देतं. मी काय करते, की लागणारं मीठ, हळद, आलं-लसणाचं वाटण आणि कांदा-लसूण चटणी आधीच वाट्यांत काढून ठेवते. उरलं तर ते रश्श्यात जातं, डब्यात परत जात नाही. नळ, गॅसचं बटण, फ्रिजची मूठ, मिक्सरचं झाकण, मोबाइल, यांनाही मटणाचे हात लागतात. रेसिपीचा व्हिडिओ बघत मटण करणाऱ्या मुलींनी तो आधी पूर्ण बघून घ्यावा.

तिसरं, धुणं. जगभरचे जाणकार सांगतात की कच्चं चिकन धुऊच नका, कारण नळाच्या धारेनं शिंतोडे उडतात आणि जंतू सगळ्या ओट्यावर पसरतात. त्यांचं खरं आहे. पण त्यांच्याकडं पाकिटातलं साफ चिकन येतं, आपल्याकडं रक्त, पिसं आणि हाडाच्या कपच्यांसकट येतं. न धुता शिजवलं तर सासूबाई मला घराबाहेर काढतील. तेव्हा धुवा, पण धारेखाली नको. मोठ्या पातेल्यात आधी पाणी घ्या, तुकडे अलगद त्यात सोडा, पाण्याच्या आतच हातानं चोळा, आणि पाणी हळू, भांडं सिंकच्या तळाला टेकवून ओता. सिंकमध्ये त्या वेळी दुसरं एकही भांडं नको. नंतर सिंक आणि नळाची मूठ साबणानं घासून वरून गरम पाणी. हळद, मीठ, लिंबू, व्हिनेगर चोळलं की जंतू मरतात असं समजू नका. वास जातो, चव येते, भरवसा मात्र आचेवरच ठेवायचा.

हात साबणानं वीसेक सेकंद धुवायचे, नखांसकट. राखेनं किंवा नुसत्या पाण्यानं नको. विळी, सुरी, पाट साबण आणि गरम पाण्यानं धुऊन उन्हात किंवा हवेवर पूर्ण कोरडे करा. ओलं राहिलं की जंतूला बरंच. लाकडी पाट वाईट आणि प्लॅस्टिकचा चांगला असं काही नाही, चिरा पडल्या की दोन्ही टाकायच्या लायकीचे. जमलं तर मटणाची सुरी-पाट वेगळे ठेवा. आमच्या घरात मटणाच्या सुरीच्या मुठीला लाल दोरा बांधलाय, सासूबाईंची युक्ती. आणि ओट्याचं ते एकच एक फडकं, जे मटणाचं रक्त पुसतं, मग ओटा, मग ताटं, त्याला रविवारपुरती सुट्टी द्या. जुन्या वर्तमानपत्रानं पुसून कागद बाहेर टाका.

फ्रिजमध्ये कच्चं मांस नेहमी सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात. वर ठेवलं की ठिबकतं, आणि खाली दह्याचं भांडं असतं. फ्रिज पाच अंशांच्या खाली पाहिजे. फ्रीजरमध्ये जंतू मरत नाहीत, झोपतात. गोठलेलं चिकन सकाळी ओट्यावर काढून दुपारी शिजवू नका. आतला गोळा बर्फ असतो तेव्हा बाहेरची बाजू केव्हाच कोमट झालेली असते. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा. दह्या-मसाल्यात मुरवायचं असेल तेही फ्रिजमध्येच, आणि मुरवणीचं उरलेलं पाणी वरून ओतायचं असेल तर त्याला चांगली उकळी आणा. आणि महापुराच्या वर्षी आमच्या गल्लीत पाणी ओसरल्यावर लोकांनी बंद पडलेल्या फ्रीजरमधलं मटण वास घेऊन ठरवलं. वासावर जाऊ नका. विषबाधा करणारे बरेच जंतू वासच सोडत नाहीत.

चुलीवर

मटण कुकरमध्ये होत असेल तर इथलं निम्मं वाचायची गरज नाही. कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, मटण मऊ होईपर्यंत सगळे जिवंत जंतू संपलेले असतात. चिकन मात्र आपण उघड्या पातेल्यात, पटकन करतो, आणि जाड तंगडी आत हाडाजवळ कच्ची राहू शकते. आत ७४ अंश झाले की काम झालं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर मिळतो, त्याची सुई सगळ्यात जाड तुकड्यात हाडाला न टेकवता खुपसायची. तो नसेल तर रस्सा खदखदू द्या, जाड तुकडा फोडून बघा, रस पारदर्शक निघतोय आणि मांस हाडाला धरून बसलेलं नाही, हे बघा. सुक्कं, तंदूरी, शेतातली शेकोटी, इथं जपायचं. वरून काळं झालेलं आत कच्चं असायला वेळ लागत नाही. कच्च्या तुकड्यांना लावलेला चिमटा शिजल्यावर तसाच वापरायचा नाही. बारक्या पोरांसाठी अळणी काढता ना, ती चांगली उकळल्यावरच काढा, आणि ज्या पळीनं कच्चं ढवळलं ती पळी त्यात बुडवू नका.

अंड्यांचं एकच सांगते. तालमीतली पोरं दुधात कच्ची अंडी फोडून पितात. जुलाब-ताप आणणारा साल्मोनेला हा जंतू अंड्यातून येतो, आणि उकडलेल्या अंड्यातलं प्रोटीन उलट जास्त अंगी लागतं. वस्तादांनी ऐकलं तर बरं.

ढाब्यावर काय करायचं? पुणे-बेंगलोर हायवेला साताऱ्यापासून कराडपर्यंत आम्ही थांबतो. वाफाळता रस्सा, गरम भाकरी, बिनघोर खा. पण चिरून ठेवलेल्या कांद्याची प्लेट परत पाठवा. अख्खा कांदा मागा, सोला आणि बुक्कीनं फोडा. चवीलाही तोच बरा.

दुसऱ्या दिवशीचा रस्सा

शिळा रस्सा आणि भाकरी सोडा, असं मी म्हणणार नाही, मलाच जमणार नाही. पण जत्रेत आणि आखाड पार्टीत लोक आजारी पडतात ते बऱ्याच वेळा ताज्या जेवणानं नाही, रात्रभर झाकून ठेवलेल्या मोठ्या पातेल्यानं. क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूची बीजं उकळीतही टिकतात. मोठं पातेलं आतून तासन्तास कोमट राहतं, तेव्हा ती रुजतात आणि वाढतात. म्हणून जेवणं झाली की उरलेलं मटण पसरट, उथळ भांड्यांत वाटून काढा, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये, एकूण दोन तासांच्या आत. सकाळी नुसतं कोमट नको, रटरटून उकळी. आणि आचाऱ्याच्या बोटाला कापलेलं, पिकलेलं असेल तर त्याला वाढपाला किंवा मटणाला लावू नका. त्या जखमेतला स्टॅफिलोकोकस जे विष सोडतो, ते परत उकळूनही जात नाही.

ज्यांची शेड किंवा गोठा आहे त्यांना

माझ्या दिराची कवठेमहांकाळकडं ब्रॉयलरची शेड आहे. तो म्हणाला, "वहिनी, सुपरवायझर येतो, बाटली देतो, आम्ही पाण्यात सोडतो. नाव कोण वाचतंय?" तर पहिलं काम ते नाव वाचायचं. वहीत औषधाचं नाव, सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख लिहा. बाटलीवर किती दिवस कापायचं नाही ते लिहिलेलं असतं, ते दिवस भरल्याशिवाय गाडी भरू नका. मर वाढली की लगेच अँटिबायोटिक सोडायचं, ही सवय मोडायला पाहिजे. मानमोडी आणि गंबोरो हे विषाणूंचे आजार, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. त्यासाठी लस वेळेवर द्यायची. मेलेला पक्षी डॉक्टरांकडून फाडून बघून घ्या, कारण कळेल आणि औषधाचा खर्चही वाचेल. शेडसाठी वेगळ्या चपला, दारात जंतुनाशकाचा ट्रे, तूस कोरडं, एक बॅच पूर्ण गेल्याशिवाय दुसरी नाही. एवढं पाळलं की औषधाची गरजच कमी होते.

मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा कुत्र्यांपुढं टाकू नका, खड्ड्यात चुना टाकून पुरा. कोंबडखत आमच्याकडं उसाला, बागेला जातं, तेही ताजं नको. ढीग लावून चांगलं कुजवा, आतून तापू द्या, मग टाका. कोथिंबीर, मेथी, पालक यांना तर ताजं खत अजिबात नको. माळकरी मंडळींनीही पालेभाजी म्हणूनच नीट धुवायची.

गाईला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली की कासेत ट्यूब सोडतात. त्या ट्यूबवरही दिवस दिलेले असतात. तेवढे दिवस दूध डेअरीला घालू नका आणि वासरालाही पाजू नका. दूध उकळलं की जंतू जातात, पण औषध राहू शकतं.

आणि तरी पोट बिघडलंच तर

बहुतेक जुलाब दोन-तीन दिवसांत आपसूक थांबतात आणि त्यांना अँटिबायोटिक लागत नाही. लागतं ते पाणी. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या काढू नका, शेजारणीच्याही नको. ज्या औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, म्हणून ती रेघ आहे. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, डोळे खोल जाणं, किंवा आजारी पडलेलं माणूस म्हणजे तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल तर घरी थांबू नका.

डॉक्टर अँटिबायोटिक लिहीत असतील तर कल्चर करायचं का, एवढं विचारा. करायचं असेल तर सॅम्पल गोळीचा पहिला डोस घ्यायच्या आधी द्यायचं. गोळी घेऊन मग सॅम्पल आणलं की प्लेटवर काहीच वाढत नाही आणि तुमचे पैसे जातात. लघवीचं असेल तर धुऊन घेऊन पहिली धार सोडायची, मधली धरायची आणि दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवायची. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, पण पिशवीत घालून आणि खाण्याच्या पदार्थांपासून लांब. शौचाचं असेल तर त्यात लघवी मिसळू देऊ नका. आणि डबी लॅबमधूनच न्या, ती फुकट मिळते. चटणीची रिकामी बरणी कितीही घासली तरी आम्हाला ती चालत नाही.